रद्द झालेलं काम आणि टीमचं मन

निळी शाई

मी पुण्यात एका लहान डिझाइन स्टुडिओत काम करते. पुस्तकांची मुखपृष्ठं, वेष्टनं आणि अलीकडे मुख्यतः इमारतींमधल्या दिशादर्शक पाट्या. पाच-सहा जणांची टीम, त्यातली निम्मी मुलं कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. इथे नाटकवाले, आर्किटेक्ट, सॉफ्टवेअरवाले, जाहिरातवाले असे गटाने काहीतरी घडवणारे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा इथे काढतेय.

आमच्याकडे एका मोठ्या वाचनालयाच्या पाट्यांचं काम होतं. बाहेरून हे काम सोपं वाटतं. पण देवनागरी आणि रोमन एकाच पाटीवर बसवायची तर दोन्हींना एकच पॉइंट साइज देऊन चालत नाही. देवनागरीत वर वेलांटी-रफाराला आणि खाली उकाराला जागा सोडावी लागते, त्यामुळे मधल्या अक्षराच्या वाट्याला कमी उंची येते आणि मराठी मजकूर बारीक दिसतो. लांबून वाचताना आधी अनुस्वार दिसेनासा होतो, मग रफार. 'संदर्भ विभाग' या दोन शब्दांत अनुस्वार, रफार आणि वेलांटी तिन्ही आहेत. आमच्यातल्या सगळ्यात लहान मुलीने ही एकच पाटी वेगवेगळ्या जाडीच्या अक्षरांत छापली, जिन्याच्या टोकाला लावली आणि तिथे येणाऱ्या वयस्कर वाचकांकडून वाचून घेतली. कुणाला कुठे अडखळायला झालं ते वहीत टिपून ठेवलं. दुसरा एक जण खिडकीतलं ऊन ॲक्रिलिकवर कधी चमकतं आणि अक्षरं कधी पुसट होतात हे बघायला सकाळ-संध्याकाळ जात होता. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मग क्लायंटची दोन ओळींची मेल आली. आमचा निर्णय बदलला आहे, काम थांबवा, झालेल्या कामाचं बिल पाठवा. बिल पाठवलं, पैसेही वेळेवर आले.

पुढच्या सोमवारी नवं काम सुरू झालं. कुणी चिडलं नाही, कुणी काही बोललं नाही. पण तेव्हापासून रिव्ह्यूला कुणी हट्ट धरत नाही. पूर्वी एका वेलांटीच्या वळणावरून आमची अख्खी दुपार जायची. आता "चालेल" आणि "तुम्ही म्हणाल तसं". कच्ची स्केचेस भिंतीवर लावायची आमची पद्धत आहे. आता प्रत्येक जण एकच लावतो, तेही ज्याला कुणी नावं ठेवणार नाही असं. काम वाईट होत नाही, क्लायंट खूष आहेत, आणि मला मात्र या शांततेची काळजी वाटते. भांडणारी टीम मला चालते.

आमच्या कामात बहुतेक कल्पना टाकूनच द्यायच्या असतात, त्याची सवय या मुलांनाही आहे. इथे तसं झालं नाही. चांगलं म्हणायलाही कुणी नव्हतं आणि वाईट म्हणायलाही. ती वही कुणी उघडलीच नाही.

तुमच्याकडे काम असं मधेच मेलं तर तुम्ही काय करता? लगेच पुढच्या कामाला लावता, की थांबता? थांबत असाल तर नक्की काय करता?

---

भिंगरी

+१. ॲपच्या डिझाइनमध्ये आहे, आमच्याकडे हे सारखं होतं. फाइल आर्काइव्हमध्ये जाते आणि विषय संपतो. वाचतेय.

---

सरळरेघ

थोडं वेगळं मत मांडतो. मी जाहिरातीत आयुष्य काढलं. एजन्सीत पिच, म्हणजे काम मिळवण्यासाठी क्लायंटसमोर केलेली मांडणी, हरणं हा रोजचा प्रकार. रात्र रात्र जागून केलेलं कॅम्पेन दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एजन्सीकडे गेलेलं असतं. आम्ही संध्याकाळी एकत्र जेवायचो आणि सकाळी पुढचं ब्रीफ हातात घ्यायचो. नव्या कामात डोकं गुंतलं की जुन्याचा सल कमी होतो, हा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट, मला जास्त महत्त्वाची वाटते ती. हल्ली टीमला गोल बसवून "तुम्हाला काय वाटतंय ते सांगा" असं विचारण्याची टूम निघाली आहे. वरिष्ठ समोर बसलेला असताना तेवीस वर्षांचा मुलगा खरं काय सांगणार? त्याला दोनदा अवघडल्यासारखं होतं, एकदा काम गेलं म्हणून आणि एकदा त्यावर बोलावं लागलं म्हणून. तसं करू नका एवढीच विनंती.

---

पुठ्ठेवाला

मी डोंबिवलीतल्या एका मंडळात देखाव्याचं काम बघतो. दिवसा नोकरी टूलरूममध्ये.

आमचं तर सगळं काम मोडण्यासाठीच असतं. आषाढात बांबू येतात, श्रावणभर रात्री पुठ्ठा कापणं, खळ लावणं, रंग देणं. चतुर्थीच्या आदल्या रात्री कुणी झोपत नाही. अनंत चतुर्दशी झाली की दोन दिवसांत सगळं उतरवून टेम्पोत. पैसा एक मिळत नाही, उलट खिशातून वर्गणी. तरी पुढच्या वर्षी तीच पोरं हजर. ताई, तुमच्या मुलांचं आणि आमच्या पोरांचं काम सारखंच मोडलं, पण आमचं लोकांनी दहा दिवस रांगा लावून बघितलं. लहान मुलं बापाच्या खांद्यावर बसून बोटं दाखवतात, ते कापणाऱ्या पोराने गर्दीत उभं राहून पाहिलेलं असतं. मग मोडताना हात थरथरत नाही.

एकदा मात्र आमच्याकडेही तुमच्यासारखंच झालं होतं. २०१८ च्या मार्चमध्ये राज्यात प्लॅस्टिकसोबत थर्माकोलवर बंदी आली. बंदी योग्यच होती, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण आमचे एक काका होते, गरम तारेने थर्माकोलच्या कमानी कोरण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. साचे, तारा, सगळं एका कागदाने निकामी झालं. मंडळाच्या मीटिंगमध्ये चर्चा झाली ती पुठ्ठ्याचा खर्च किती यावर. काका यायचे बंद झाले. बोलावलं तर म्हणायचे, आता तुमचं नवीन आहे, माझं काय काम.

शेवटी आमच्या अध्यक्षांनी घराघरांतून जुन्या देखाव्यांचे फोटो गोळा केले आणि मंडपाच्या तोंडाशी लावले. प्रत्येकाखाली साल, देखाव्याचं नाव आणि 'कोरीवकाम' म्हणून काकांचं नाव. काकांना कुणी सांगितलं नव्हतं. कुणीतरी घरी जाऊन सांगितल्यावर बघायला आले आणि त्याच रात्री उजवीकडची कमान तिरकी झालीय म्हणून पोरांना बोलले. पन्हळी पुठ्ठ्याची पन्हळ कुठल्या दिशेने ठेवली तर तो वळतो आणि कुठल्या दिशेने ठेवली तर मोडतो, हे आता तेच शिकवतात.

---

भिंगरी

पुठ्ठेवाला, फार सुंदर प्रतिसाद.

---

वाटसरू

संशोधनाच्या अंगाने लिहितो, कारण या विषयावर चांगलं काम झालेलं आहे.

हार्वर्डच्या तेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी ७ कंपन्यांमधल्या २६ टीम्समधल्या २३८ जणांना काम चालू असताना रोज एक छोटी नोंद लिहायला लावली. आज कामात काय घडलं, कसं वाटलं. जवळपास १२,००० नोंदी जमल्या. हे सगळे नवनिर्मितीच्या प्रकल्पांवर काम करणारे लोक होते. चांगल्या दिवसांच्या नोंदींत सगळ्यात जास्त वेळा एकच गोष्ट सापडली: ज्या कामाला अर्थ आहे असं वाटतं, ते काम त्या दिवशी थोडं तरी पुढे सरकलं. अगदी छोटी हालचाल पुरेशी होती. आणि वाईट दिवसांत उलट, काम मागे गेलं किंवा अडलं. काम मागे जाण्याच्या या धक्क्याचा परिणाम प्रगतीच्या परिणामापेक्षा बराच जड निघाला. प्रगतीने जेवढा आनंद वाढतो त्याच्या दुपटीहून जास्त तो धक्क्याने कमी होतो, आणि वैताग वाढवण्याची धक्क्याची ताकद तो कमी करण्याच्या प्रगतीच्या ताकदीपेक्षा तिपटीहून जास्त.

याच दोघांनी नंतर ६६९ मॅनेजरांना विचारलं की माणसाला कामाला काय प्रवृत्त करतं, पाच गोष्टींचा क्रम लावा. कामातली प्रगती पहिल्या क्रमांकावर ठेवणारे फक्त ५ टक्के होते. म्हणजे टीममधल्या माणसाला रोज जे जाणवतं ते त्याच्या वरच्या माणसाच्या यादीत शेवटी पडलेलं असतं.

सरळरेघ यांच्या मुद्द्याकडेही येतो, कारण तो अर्धा बरोबर आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठात मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी १९९९ साली जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतरच्या दुःखाबद्दल एक मांडणी केली. दुःखात बुडून राहणं आणि ते बाजूला सारून व्यवहाराला लागणं, यातलं कुठलंही एकच बरं करत नाही. माणूस दोन्हींमध्ये ये-जा करत सावरतो. डीन शेफर्ड या अभ्यासकाने हीच मांडणी २००३ मध्ये बुडालेल्या व्यवसायांना लावली, आणि पुढे सहकाऱ्यांबरोबर जर्मनीतल्या संशोधन संस्थांमधल्या शास्त्रज्ञांचे फसलेले प्रकल्प अभ्यासले. गेलेल्या प्रकल्पाचंही लोकांना दुःख होतं, त्यात जीव जितका जास्त तितकं जास्त.

त्यांचाच २०१४ चा एक अभ्यास तर थेट या धाग्याचा आहे. एका मोठ्या कंपनीतले इंजिनिअर, मधेच बंद केलेले प्रकल्प. जिथे प्रकल्प झटक्यात बंद झाला आणि लोकांना लगेच दुसरीकडे हलवलं, तिथे मनाला त्रास कमी झाला पण काय शिकलो हे कुणी लिहूनच ठेवलं नाही. जिथे प्रकल्प रेंगाळत मेला तिथे लोक वैतागले, पण त्या रिकाम्या वेळात त्यांनी टिपणं काढली, एकमेकांशी बोलले, आणि शिकले तेच. तेव्हा लगेच नवं काम देणं ही वेदनाशामक गोळी आहे हे खरं. ती वही मात्र तशीच बंद राहते.

---

सरळरेघ

वाटसरू, शेवटचा अभ्यास माहीत नव्हता. विचार करायला लावणारा आहे. आमच्या एजन्सीत हरलेल्या पिचचा एकही कागद नंतर सापडत नसे, हे आत्ता आठवलं. पण गोल बसवण्याबद्दलचं मत कायम.

---

स्पॉट आणि फ्लड

मी प्रायोगिक नाटकांची प्रकाशयोजना करतो. सरळरेघ यांचं गोल बसवण्याबद्दलचं म्हणणं मला पटतं, म्हणून नाटकात हे कसं होतं ते सांगतो.

एकांकिका स्पर्धेत अंतिम फेरीत नाव आलं नाही की त्या रात्री मुलं घरी जात नाहीत. कुणीतरी सेटचा शेवटचा लेव्हल (लाकडी चौथरा) टेम्पोत चढवत असतं, कुणी केबल गुंडाळत असतं, आणि बोलणं त्या कामातून निघतं. "तिसऱ्या प्रवेशातला फेड आपण दोन सेकंद लवकर घेतला असता तर?" असा, म्हणजे प्रकाश हळूहळू मंद करण्याबद्दलचा, प्रश्न आला की समजायचं, मुलगा सावरतोय. हात रिकामे ठेवून समोरासमोर बसवलं असतं तर त्यातला एकही बोलला नसता. सामान आवरणं हे बोलायला चांगलं निमित्त असतं, आणि कॉम्प्युटरवरच्या कामात नेमकं तेच नसतं. फोल्डर आर्काइव्हमध्ये टाकायला एक क्लिक लागतो.

आता पुण्याचंच मोठं उदाहरण. 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात झाला, प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनतर्फे. ते नाटक एका माणसाचं नव्हतं. विजय तेंडुलकरांची संहिता, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांचं नृत्य, आणि त्यांच्याबरोबर ती अख्खी ब्राह्मणांची रांग, जी कधी गाते, कधी पाठ फिरवून भिंत होते आणि कधी पडदा. त्या रांगेतला एक माणूस ढिला पडला तर भिंतीला भोक पडतं. १९ प्रयोगांनंतर संस्थेने प्रयोग थांबवले. एवढं जमून आलेलं काम वरून थांबवलं गेलं की गट पांगतो, हे मी डोळ्यांनी अनेकदा पाहिलंय. हा गट बाहेर पडला, १९७३ मध्ये थिएटर ॲकॅडमी काढली, नाटक पुन्हा उभं केलं आणि १९८० मध्ये बर्लिनपर्यंत नेलं.

मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं की त्यांनी आपल्या कामाबद्दलचा निर्णय स्वतःच्या हातात घेतला. निळी शाई, तुमच्या मुलांना पुन्हा पाट्या लावता येणार नाहीत हे मला कळतं. पण त्या कामाचं पुढे काय करायचं, हे तरी त्यांनी ठरवू द्या.

---

उत्तरवारा

स्पॉट आणि फ्लड यांच्या शेवटच्या वाक्याला जोडून. मी फिनलंडमध्ये असते, गेम्सच्या क्षेत्रात. हेलसिंकीत २०१० साली सुरू झालेली सुपरसेल ही कंपनी इथे सगळ्यांना माहीत आहे. तिथे गेम बंद करायचा तर तो करणारी टीमच ठरवते, आणि बंद केलेल्या गेममधून काय शिकलो हे सगळ्यांसमोर मांडून शॅम्पेन उघडतात. बाहेरचे लोक शॅम्पेनबद्दलच बोलतात. मला त्यात खरं मोल पहिल्या भागाचं वाटतं. आमच्या छोट्या स्टुडिओत वरून बंद केलेल्या गेमला कुणी केक आणला, तर तो खाणाऱ्यांच्या तोंडाकडे बघवत नाही.

---

मधली सुट्टी

मी शाळेत चित्रकला शिकवते. एक साधा उपाय सुचवू का? दर महिन्याला सगळ्यात चांगल्या कल्पनेला बक्षीस ठेवलं तर मुलं पुन्हा भिंतीवर जास्त चित्रं लावतील.

---

वाटसरू

मधली सुट्टी, तुम्ही चित्रकला शिकवता म्हणून हा प्रयोग तुम्हाला आवडेल. १९७३, स्टॅनफर्डची बालवाडी, लेपर, ग्रीन आणि निस्बेट हे संशोधक. मार्करने चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं निवडली. एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला तेच प्रमाणपत्र नंतर अचानक दिलं. तिसऱ्याला काही नाही. काही दिवसांनी वर्गात मार्कर नुसतेच ठेवले, तेव्हा आधी कबूल करून बक्षीस मिळालेली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्मा वेळच चित्रं काढत बसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांवर असा परिणाम दिसला नाही.

म्हणून स्पर्धा लावण्यापेक्षा पुठ्ठेवाला यांच्या अध्यक्षांनी जे केलं ते मला मोलाचं वाटतं. ते आधी कबूल केलेलं नव्हतं, आणि ज्याने काम केलं त्याच्या त्या कामाबद्दलच होतं.

---

मधली सुट्टी

पटलं. वर्गात 'शाबास'चे शिक्के मारण्याबद्दलही विचार करायला हवा मला.

---

निळी शाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सगळे प्रतिसाद पुन्हा वाचले.

सरळरेघ, तुमची विनंती ऐकली. गोल बसवणार नाही. स्पॉट आणि फ्लड यांनी लिहिलेलं हात गुंतलेले ठेवण्याचं मला एकदम लागू वाटलं. आज टीमला इतकंच म्हटलं की वाचनालयाच्या कामाचं कपाट आवरायचं आहे, काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते तुम्ही ठरवा. डमी, छापील चाचण्या, ॲक्रिलिकचे तुकडे, सगळं टेबलावर आलं. ती वहीही आली. ऊन बघणाऱ्या मुलाने वही पहिल्यांदाच वाचली आणि म्हणाला, रफाराजवळ लोक अडखळलेत त्यातले निम्मे संध्याकाळचे आहेत, ती पाटी उन्हाच्या समोर होती, अक्षराच्या जाडीचा दोष नाही हा. मग दोघांचं जोरात वाजलं. माझी वीस मिनिटांची मीटिंग त्यात बुडाली आणि मी ती बुडू दिली.

त्यांचं ठरलंय की या चाचण्यांची एक पुस्तिका करायची. देवनागरी पाटी कुठल्या अंतरावरून, कुठल्या उजेडात, कुठल्या जाडीत वाचता येते, फोटोंसह. स्टुडिओत एक दिवस सगळं भिंतीवर लावायचं आणि पाट्या रंगवणाऱ्या पेंटर मंडळींना, डिझाइनच्या विद्यार्थ्यांना बोलवायचं. मुलांना आणखी एक हवंय: कुणी काय केलं ते नावानिशी.

आता अडचण अशी की क्लायंटने पैसे दिलेले आहेत. हे आम्हाला दाखवता येतं का? कायद्याचं कळणारं कुणी आहे का इथे?

---

कलमबहाद्दर

वकील आहे, बौद्धिक संपदेचं काम करतो. तुमचा करार बघितल्याशिवाय पक्कं सांगता येणार नाही, पण ढोबळमानाने सांगतो.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. म्हणजे मुलांनी केलेल्या कामाचा स्टुडिओ. स्टुडिओकडून क्लायंटकडे हक्क जायचे तर त्यासाठी सही केलेला लेखी कागद लागतो, कलम १९. बिलाचे पैसे मिळाले एवढ्यावर हक्क आपोआप गेले असं धरून चालू नका, आणि गेलेच नाहीत असंही. करारात हक्क हस्तांतराचं कलम आहे का, आणि ते रद्द झालेल्या कामालाही लागू आहे का, ते आधी बघा. गोपनीयतेचं कलम वेगळं असतं, तेही बघा. वाचनालयाचे आतले नकाशे किंवा त्यांचं बोधचिन्ह पुस्तिकेत येत असेल तर ते काढून टाकणं बरं. चाचण्यांचे निष्कर्ष ही माहिती आहे, अमुक जाडी अमुक अंतरावरून वाचता येते या माहितीवर कॉपीराइट नसतो. वाचकांचे फोटो असतील तर त्यांची परवानगी घ्या.

नावांचं म्हणाल तर कलम ५७. हक्क दुसऱ्याकडे गेले तरी कृती आपली आहे असं म्हणण्याचा कर्त्याचा अधिकार शिल्लक राहतो. तेव्हा नावं घालायला हरकत दिसत नाही, आणि मुलांनी ती मागितली हे योग्यच केलं.

तरीही क्लायंटला एक साधी मेल टाका, काय दाखवणार आणि काय गाळणार ते लिहून, आणि उत्तर लेखी घ्या. पुढच्या करारांत एक कलम आत्तापासूनच घालत जा: काम मधेच थांबलं तर कुठल्या टप्प्यापर्यंतचे पैसे, न वापरलेल्या डिझाइनचे हक्क कुणाकडे, आणि ते स्टुडिओला दाखवता येईल की नाही. मसुदा हवा असेल तर निरोप पाठवा, देतो.